बर्गनमधला आपला माणूस

हसनचाचांनी जगातली चाळीसेक बंदरं पाहिली होती आणि प्रत्येक बंदराबद्दल त्यांचं एक ठाम मत होतं. ते मत तिथल्या कांद्याबद्दल असायचं. हॅम्बुर्गचा कांदा दिसायला थोराड, पण अंगात दम नाही. अलेक्झांड्रियाचा गोड, कालवणाची माती करणारा. कार्डिफला कांदा बरा, पण विकणारी बाई खडूस. लंडनचं विचारलं तर ते थोडा वेळ छताकडे बघत आणि सांगत, "लंडनला आमी बटाटे घेतले." झालं लंडन. राजवाडा, पूल, घड्याळ, कशाकशाचा पत्ता नाही. आम्ही मुलं हसायचो, तर ते उलट आम्हालाच विचारत, की राजवाडा बघून चाळीस खलाशांचं पोट भरतं का.

ते बोटीवर भंडारी होते. रत्नागिरीत भंडारी म्हटलं की माणूस आधी जात समजतो, म्हणून सांगून टाकते: बोटीवर रांधणाऱ्याला भंडारी म्हणतात. मूळचे ते राजापूर तालुक्यातल्या नाटे गावचे. एकतीस वर्षं गोऱ्यांच्या मालबोटींवर रांधून निवृत्त झाले आणि रत्नागिरीत मांडवीच्या वरच्या अंगाला, आमच्या शेजारी राहायला आले. दोन घरांच्या मध्ये चिऱ्यांचा गुडघाभर गडगा होता, त्यावरून वाटीतलं कालवण न सांडता इकडचं तिकडे जात असे.

जमिनीवर येऊन दहा वर्षं झाली तरी चाचांच्या डोक्यातली बोट काही थांबली नव्हती. चहाचा कप ते अर्धाच भरत, डोलला तर सांडू नये म्हणून. टेबलावर ओला फडका पसरून मगच त्यावर ताटं मांडत, म्हणजे घसरत नाहीत. आमच्या लाल मातीच्या रत्नागिरीत ताटं कशाला घसरतील? पण सांगणार कोण. हमीदाचाची, म्हणजे त्यांची बायको, त्यांना स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नसत. ह्या माणसाचा हात चाळीस जणांचा आहे, म्हणायच्या, दोघांचं रांधायला गेला तर घर विकावं लागेल. म्हणून चाचांनी मागच्या पडवीत आपली वेगळी चूल थाटली होती. पातेली भिंतीला हुकांवर टांगलेली, मिठाचा डबा दोरीनं बांधलेला. तिथं ते बांगड्याचं कालवण करत आणि ते अर्थातच चाळीस जणांना पुरेल एवढं होई. मग पातेलं घेऊन सगळी आळी फिरत. आमच्या आळीतल्या पोरांची हाडं निम्मी त्या कालवणावर वाढली आहेत, माझी तर नक्कीच.

संध्याकाळी ते पडवीत बसून वही लिहीत. वारा कुठला, जेवण काय, आणि शेवटी एक ओळ: सगळं ठीक. घरात चाचींशी कडाक्याचं भांडण झालं असलं तरी शेवटची ओळ तीच.

आणखी एक गोष्ट होती. चाचांचा शब्द. जेवण साडेबाराला म्हणाले की साडेबाराला ताट समोर यायचंच. कुणाच्या गडग्याचा वाद असो की कुणाच्या लग्नाची बोलणी, आळीतले लोक म्हणत, भंडारी काय म्हणतात बघू. ह्या माणसानं उभ्या जन्मात खोटं बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. आता पुढची सगळी कथा त्यांच्या एका खोट्याची आहे, आणि ते खोटं माझ्यासाठी होतं, म्हणून ती मीच सांगितलेली बरी.

ऐंशीच्या दशकाच्या मधली वर्षं असतील. मी मत्स्यविद्या शिकत होते. आमच्या कॉलेजचा नॉर्वेतल्या एका विद्यापीठाशी करार झाला. इकडची एक मुलगी वर्षभर तिकडे शिकायची, मग तिकडची एक वर्षभर इकडे. ह्यात माझा नंबर लागला. गाव बर्गन. बातमी आळीत पसरली आणि समोरच्या माई येऊन आईला म्हणाल्या, म्हणजे साटंलोटंच की हे, त्यांची पोर आपल्यात, आपली त्यांच्यात. आईचा चेहरा असा काही पडला की मला तासभर तिला समजवावं लागलं की ह्यात लग्न कुणाचंच नाही.

खरा प्रश्न अण्णांचा होता. अण्णा, माझे वडील, छापखान्यात होते. आधी मुंबईत खिळे जुळवायचे, मग रत्नागिरीला परत येऊन प्रुफं तपासायला लागले. अबोल माणूस. लग्नपत्रिका हातात पडली तरी आधी त्यातल्या चुका बघणार, मग कुणाचं लग्न ते. पैशाचं त्यांनी काही विचारलं नाही, कारण सगळा खर्च ते विद्यापीठ करणार होतं. मुलीची जात, एकटी कशी राहणार, हेही विचारलं नाही. त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"तकडं उतरल्यावर समोर कोण हुबा ऱ्हाणार?"

ह्या प्रश्नाची गंमत कोकणाबाहेरच्या माणसाला कळायची नाही. आमच्याकडचा माणूस पोटासाठी कुठंही जातो, पण जिथं जातो तिथं त्याच्या गावचा कुणीतरी आधी पोचलेला असतो. मुंबईला गावाची खोली असते, त्या खोलीत गावची माणसं असतात, आणि उतरायच्या जागी त्यातलं एक समोर उभं असतं. आखातात गेला तरी तेच. आपलं माणूस नाही अशा ठिकाणी कुणी जात नाही. अण्णा स्वतः चौदाव्या वर्षी बोटीनं भाऊच्या धक्क्यावर उतरले होते. तिथं आपलं माणूस समोर उभं होतं म्हणून मी माणसात आलो, असं ते नेहमी सांगत. तेव्हा नॉर्वेत आपला कोण, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीनं पासपोर्टापेक्षा मोठा होता. मी विद्यापीठाचं पत्र दाखवलं, त्यात एक बाई न्यायला येतील असं छापलेलं होतं. अण्णांनी ते वाचलं, त्यातली स्वल्पविरामाची एक चूक दाखवली आणि पत्र परत दिलं. "ही पगारी बाई," म्हणाले. "आपलं माणूस नाय."

मला होकार कळवायला आठवडाच उरला होता. मी गडग्यावर बसून रडत होते. लपून वगैरे नाही, चांगलं दिसेल असं. चाचा पडवीत कांदा चिरत होते. त्यांनी चाचींना विचारलं, चाचींनी सगळं सांगितलं. चाचांनी सुरी ठेवली, हात धुतले, डोक्यावर टोपी घातली आणि गडगा ओलांडून आमच्या ओटीवर आले. बर्गन ना, म्हणाले. बर्गन त्यांना माहीत होतं. पाऊस म्हणजे आपल्यासारखाच, फक्त थंड. कांदा बेताचा. बटाटा फर्मास.

आणि मग म्हणाले, "अण्णा, बर्गनला आपला माणूस हाय. ओलाफ. माझा दोस्त. पोरगी उतरंल तवा तो समोर हुबा असंल."

अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं. चाचांनी नजर वळवली नाही. भंडारींचा शब्द म्हटल्यावर पुढं विचारायचं काय? अण्णा म्हणाले, मग ठीक. मी तर आनंदानं वेडी झाले. ओलाफबद्दल आपण आजवर कधी ऐकलं कसं नाही, असा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही. आला असता तरी मी तो हाकलून दिला असता.

पुढचे दोन महिने चाचांनी मला पडवीत जुंपलं. कॉलेजात मी माशांची लॅटिन नावं पाठ करत होते आणि इथं त्याच माशांचे तुकडे. कांदा असा कापायचा की बोट डोलली तरी बोट कापणार नाही. तिकडं कॉड म्हणून मासा मिळतो, तो आपल्या घोळीचा लांबचा भाऊ समजायचा. गोरे लोक त्याला नुसत्या पाण्यात उकडतात, आजारी माणसासाठी करतात तसं, तर त्यांना नावं ठेवायची नाहीत, मुकाट खायचं आणि घरी येऊन आमसुलाचं सार प्यायचं. मी एकदा कंटाळून म्हटलं की चाचा, मी तिकडं शिकायला चालले आहे, रांधायला नव्हे. तर म्हणाले, जो रांधतो त्याच्याभोवती माणसं आपोआप जमतात, मग शिकायला काय अडचण. हे मात्र पुढं शब्दशः खरं निघालं.

निघायच्या आठवड्यात आमच्या ओटीवर पुडकी यायला लागली. आमच्याकडे कुणी परदेशी निघालं की आळी त्याच्याबरोबर आपापल्या माणसांना काहीबाही पाठवते. खालच्या आळीतल्या जैनबआपांनी मुलासाठी सुका जवळा आणला, मुलगा बहारीनला. माईंच्या भाच्यासाठी लोणच्याची बरणी, भाचा मस्कतला. कुणाचं पुडकं कुवेतचं, कुणाचं दुबईचं. तू भायेर जातेस ना, मग वाटेत दे, एवढं सोपं. त्यांच्या लेखी भायेर म्हणजे एकच मोठं गाव होतं आणि तिथं सगळे एकमेकांच्या शेजारी राहत होते. मी समजवायला तोंड उघडलं तर चाचांनी मला गप्प केलं. सगळी पुडकी हसतमुखानं ठेवून घेतली, पत्ते नीट लिहून घेतले. पुढं महिनाभरात आखाताला जे जे निघाले त्यांच्या हाती एकेक रवाना केली. "नाय म्हणून सांगितलं असतंस तर जवळा परत घेऊन जाताना तिला किती लांब वाटलं असतं मुलगा," म्हणाले. जैनबआपांना आजही वाटतं की त्यांचा जवळा मी पोचवला. मला भेटल्या की त्याचे आभार मानतात, मी घेते.

निघायच्या दिवशी एसटी स्टँडवर सगळी आळी लोटली. आई रडत होती, अण्णा बसच्या पाटीवरचं अक्षर तपासत होते. चाचांनी मला काळी मोठी छत्री दिली, बोटीवरची, आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर 'ओलाफ, बटाटेवाला' आणि बंदरावरचा पत्ता. बस सुटायला लागली तसे ते खिडकीशी आले आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "ओलाफ भेटला तर माझा सलाम सांग, गो बाय. आणि नाय भेटला, तरी पत्रात भेटलाच पायजे."

बस हातखंब्याला पोचेपर्यंत मला अर्थ लागला. मी मागं वळून पाहिलं. पण तोवर फार उशीर झाला होता, आणि खरं सांगू, थोडं हसूही आलं.

मुंबईहून निघालेलं विमान उशिरा पोचलं, पुढचं चुकलं, आणि मी बर्गनला ठरल्यापेक्षा एक दिवस उशिरा उतरले. ती पगारी बाई आदल्या दिवशी येऊन परत गेलेली. बाहेर पाऊस. समोर कुणी नाही. मी चाचांची छत्री उघडून अर्धा तास उभी होते. तेव्हा मला अण्णांचा प्रश्न पहिल्यांदा अंगात शिरून कळला. जगात कुठंही उतरावं आणि समोर कुणीच नसावं, ह्याच्यासारखी एकटं पाडणारी गोष्ट नाही. तरी पुढं सगळं नीट झालं. वसतिगृह मिळालं, खोली मिळाली.

तिसऱ्या दिवशी चिठ्ठीवरचा पत्ता शोधत बंदरावर गेले. तिथं दोरखंडांचं एक दुकान होतं. मालकीणबाई भली होती. बटाटे पुरवणारा ओलाफ? तिनं आठवून आठवून तीन ओलाफ काढले. एक वारला होता, एक अमेरिकेला गेला होता आणि तिसऱ्याचं कुणाला काही ठाऊक नव्हतं. चाचांचा ओलाफ ह्यातलाच कुणीतरी. बटाट्याची पोती द्यायला तो एकदाच बोटीवर आला होता, चाचांचं कालवण खाऊन घामाघूम झाला होता आणि जाताना म्हणाला होता की कधीही घरी ये. वीसेक वर्षांपूर्वीची ही एका दुपारची दोस्ती. हे मला पुढं चाचींकडून कळलं.

तर तीन ओलाफ हाती लागले नाहीत, म्हणून मी चौथा तयार केला. पहिल्या पत्रात लिहिलं: ओलाफकाका घ्यायला आले होते. उंच आहेत, दाढी पांढरी, स्वभाव प्रेमळ.

अण्णा ते पत्र ओटीवर मोठ्यानं वाचत. आळी जमे. चाचा खाली मान घालून ऐकत आणि अधूनमधून "तसाच हाय तो, तसाच" म्हणत. नंतर आपल्या वहीच्या थाटात मला पत्र पाठवत: "वारा नैर्ऋत्येचा. जेवण बांगडा, भात. अण्णा खूश. ओलाफला एवढे जिने चढवू नको, त्याचा उजवा पाय अधू होता. सगळं ठीक." असा आम्ही दोघांनी मिळून तो माणूस वाढवला. त्याचा पाय त्यांनी दिला, दाढी मी दिली. अण्णांचं दर पत्र 'ओलाफरावांस सा. न.' असं संपायचं. आईनं तर कहर केला. ओलाफरावांच्या सौभाग्यवतींना म्हणून हिरवा खण पाठवला. रिकाम्या हातानं कसं, म्हणे. मी खोलीतल्या टेबलावर तो अंथरला आणि आईला कळवलं की त्यांना फार आवडला, त्यांनी त्याचा टेबलावर रुमाल केला. आईला राग आला तो अजून गेलेला नाही. दिलेल्या खणाचा रुमाल करते म्हणजे काय बाई आहे की कोण.

पण प्रुफं तपासणाऱ्या माणसापुढं गोष्ट रचणं म्हणजे सोपं काम नव्हे. चौथ्या पत्राला अण्णा थांबले. पहिल्या पत्रात ओलाफरावांच्या बायकोचं नाव मार्ता होतं, ह्यात मारिया कसं? आई सांगते, सगळे चाचांकडे बघायला लागले. चाचांनी अर्धा कप चहा संपवला आणि सांगितलं की मार्ता त्याची बहीण, पोरगी गोंधळली असेल. अण्णांनी मान हलवली. पुढच्या पत्रात घराच्या पायऱ्या तीनाच्या पाच झाल्या. चाचा म्हणाले, बर्फ पडला की तिकडे खालच्या दोन दिसत नाहीत. बर्फ वितळला असणार. मला मागाहून हे कळलं तेव्हा मी हसून हसून लोळले, पण चाचांना त्या दिवसांत झोप लागत नव्हती, असं चाची सांगत. चाळीस वर्षं कमावलेला शब्द त्यांनी माझ्या ओलाफवर लावला होता. तो पकडला गेला असता तर माझं शिक्षण अर्धवट राहिलं असतंच, पण आळीत पुन्हा कुणी भंडारी काय म्हणतात बघू म्हटलं नसतं. हे माझ्या उशिरा डोक्यात आलं, आणि मग दर पत्र पाकिटात घालण्याआधी मी दोनदा तपासायला लागले.

आणि अशात अण्णांनी ओलाफरावांचा फोटो मागितला.

वसतिगृहाला एक म्हातारा रखवालदार होता. उंच, दाढी पांढरी. चाचांच्या पद्धतीचं कॉडचं कालवण मी दर रविवारी करायची, त्याचं तो पक्कं गिऱ्हाईक. जो रांधतो त्याच्याभोवती माणसं जमतात म्हणाले होते ते असं. त्याला मी सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला आणि लगेच केस विंचरून माझ्या शेजारी उभा राहिला. फोटो छान आला. एक प्रत मी घरी धाडली. आठवड्यानं दुसरी प्रत भिंतीला लावायला घेतली आणि परत डोळ्यांशी धरली. त्याच्या गणवेशावर छातीशी नावाची पट्टी होती. मुंगीएवढं अक्षर, पण स्वच्छ: क्नूत.

घरून पत्र आलं. फोटो मिळाला. ओलाफराव तब्येतीनं बरे दिसतात. सा. न. बस्स. मी देव पाण्यात घालून बसले होते ते हळूहळू बाहेर काढले.

वर्षानं परत आले. ओटीवर तो फोटो चौकटीत घालून लावलेला. चाचा घरी येऊन बसले होते, माझ्याकडे आणि फोटोकडे आळीपाळीनं बघत. मी जवळ जाऊन पाहिलं. चौकटीच्या आत जाड कागदाची करडी किनार होती आणि खालच्या बाजूला ती जरा जास्तच वर आली होती, आम्हा दोघांच्या खांद्यांपर्यंत. पट्टी त्याखाली झाकली गेली होती. चौकट करणाऱ्याला माप कळलं नाही, असं मी धरून चालले. चाचांना मी डोळ्यांनी खुणावलं. त्यांचा जीव तेव्हा कुठं भांड्यात पडला.

करारातला दुसरा अर्धा भाग पावसाळा सरल्यावर आला. सिग्रिड नावाची मुलगी वर्षभरासाठी आमच्या कॉलेजात येणार होती आणि राहणार आमच्याच घरी. येण्याआधी तिच्या आईचं मला पत्र आलं. ओटीवर सगळे बसले असताना मी ते मराठीत सांगत गेले. मुलगी पहिल्यांदाच एवढ्या लांब चालली आहे, पाणी उकळून द्या, आणि शेवटी एक विचारणं: बसमधून उतरेल तेव्हा तिच्यासमोर कुणी असेल ना?

मी वाचता वाचता थांबले. चाचा चहाचा कप धरून बसले होते. अण्णा उठले, फोटोची चौकट खिळ्यावर जरा सरळ केली आणि परत येऊन बसले. मग जन्मात एवढं सलग बोलले नसतील तेवढं बोलले. ते चौदा वर्षांचे असताना भाऊच्या धक्क्यावर उतरले, तेव्हा गावचं माणूस आलंच नव्हतं. ते रडायला लागले. एक हमाल पुढं आला आणि म्हणाला, कुठला रे तू? अण्णांनी गाव सांगितलं. तो म्हणाला, मग मीपण तिकडचाच, चल. पेटी डोक्यावर घेऊन त्यानं त्यांना थेट खोलीच्या दारात सोडलं.

"वाटेत त्यानं मला गावाचं नाव तीन वेळा इचारलं," अण्णा म्हणाले. "त्याला कुठला ठाव असायला. पण समोर हुबा ऱ्हायला. भंडारी, ह्या खेपेला तुमी ओलाफ."

चाचा गर्रकन वळले तसा हातातला कप डोलला. अर्धाच भरलेला होता म्हणून सांडला नाही. त्यांनी विचारलं, कधीपासून ठाऊक होतं. फोटोपासून, अण्णा म्हणाले. मग बोलला का नाहीत?

"पोर बरी होती तकडं," अण्णा म्हणाले. "आन तुमचा शब्द खोटा पडलेला मला बघायचा नव्हता."

मी दोघांकडे बघत राहिले. वर्षभर आम्ही ज्यांच्यापासून लपवत होतो त्यांनीच कागदाची किनार कापून आमचं खोटं झाकून ठेवलं होतं. चाचांनी टोपी काढली, परत घातली. घरी गेले आणि पेटीच्या तळातून आपला बोटीवरचा पांढरा कोट काढून चाचींना म्हणाले, इस्त्री. चाची म्हणाल्या, पोटावर बसायचा नाही. बसला नाहीच. खालची दोन बटणं उघडी ठेवावी लागली.

त्यानंतर चाचा पुष्कळ वर्षं होते. सिग्रिडला त्यांनी कांदा कापायला शिकवलं, तिच्यानंतर आलेल्या दोघींना शिकवलं. पण माझ्या डोळ्यांसमोर ते येतात ते त्या सकाळचे. मुंबईची रातराणी सातच्या सुमाराला रत्नागिरी स्टँडात शिरते आहे. आभाळ स्वच्छ, ऊन वर आलेलं, आणि चाचा पांढऱ्या कोटात, पितळी बटणं चिंचेनं घासून, डोक्यावर ती काळी छत्री उघडून फलाटावर उभे. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाले, बर्गनची पोर आहे, छत्री दिसली म्हणजे तिला घरचं वाटेल. बसचं दार उघडलं. पाठीवर पोतं, केस विस्कटलेले, रडायच्या बेतात आलेली एक उंच मुलगी खाली उतरली आणि बावरून इकडेतिकडे पाहायला लागली. मी पुढं होणार तेवढ्यात अण्णांनी माझा हात धरला.

चाचा तिच्या समोर जाऊन उभे राहिले. छत्री तिच्या डोक्यावर धरली आणि बंदरातल्या इंग्रजीत सांगितलं की घाबरू नको, मी ओलाफ.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मेंदीनं रंगवलेली दाढी, टोपी, सुटलेली बटणं. मग ती जी हसायला लागली ती रडू विसरूनच गेली. चाचांनी तिचं पोतं स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि दोघं छत्रीखालून रिक्षाकडे चालायला लागली. उन्हात, भर छत्रीत. ते तिला बर्गनच्या बटाट्याबद्दल काहीतरी सांगत होते.

अण्णा आणि मी मागून चाललो होतो. अण्णा बराच वेळ त्या कोटाकडे निरखून बघत होते, प्रूफ बघतात तसे. मग हळूच मला म्हणाले, "छातीवर नावाची पट्टी नाय, ता बरा झाला."